कचकड्याच्या खिडकीतून

आमच्या इंदापूरच्या घरी मोटार आली तेव्हा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचाच आता राग येतो. पस्तीस सालाच्या आसपासची गोष्ट असेल. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुण्याच्या कुणा वकिलाची वापरलेली मोटार घेतली. वर कापडी टप, आणि बाजूंना दारं अर्धीच असल्यामुळे त्यावर बटणांनी लावायचे जाड किंतानाचे पडदे. प्रत्येक पडद्यात शाळेच्या पाटीएवढी खिडकी शिवलेली आणि तिला काचेऐवजी कचकडं लावलेलं.

कचकडं आताच्या पोरांना माहीत नाही. आमच्या वेळी बाहुल्या, कंगवे, साबणाच्या डब्या त्याच्याच निघायच्या. काचेसारखं आरपार दिसतं, पण कापडासारखं वाकतं आणि सुईने शिवता येतं. आज ज्याला सगळे प्लास्टिक म्हणतात त्याचंच हे थोरलं भावंड. मोटार आली त्या दिवशी मी पडद्याला नाक लावून पाहिलं तर कापराचा वास आला. सासूबाईंनाही आला. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या म्हणाल्या, "देवघरासारखा वास हाय गं. मोटार लाभंल आपल्याला."

मामंजींना लाभली असेल. मला त्या मोटारीचा उपयोग एकच होता, आणि तो समजायचा तर आमच्या घरचा गोषा आणि माझं बंद झालेलं माहेर, दोन्ही सांगायला हवं.

गोषा म्हणजे आमच्याकडच्या बायकांनी परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. देवळात जायचं तरी पडद्याच्या गाडीतून. आणि माहेर बंद झालं ते एका फेट्यापायी. माझ्या भावाच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना माझ्या वडिलांनी पहिला फेटा एका दूरच्या मामांना बांधला, दुसरा मामंजींना. मामंजी भर मांडवातून उठले. त्या दिवसापासून आमचं जाणं नाही, येणं नाही, निरोप नाही. दोन मोठी माणसं कापडाच्या एका पट्टीवरून रुसली आणि त्यात माझी आई मला अंतरली. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोघांच्याही डोक्यावर एकेक पागोटं स्वतः आपटलं असतं.

माहेर अंथुर्ण्याला होतं. इंदापूरहून बारामतीला जाणारा रस्ता माहेरच्या मळ्याच्या कडेनेच जातो. तिथे कालव्याची एक चारी रस्त्याखालून जाते आणि तिच्यावर दगडी मोरी आहे. मामंजी बाजाराच्या दिवशी गुळाच्या पेठेत बारामतीला जायचे. आत्याबाईंचं माहेर बारामतीचं, म्हणून अधूनमधून त्याही निघायच्या आणि सोबतीला मला घ्यायच्या. त्यांचं माहेर चालू होतं.

पहिल्याच फेरीला मी खिडकीतून पाहत होते. ऊस दिसला, पाटाचं पाणी दिसलं, आणि मोरीवर आई उभी दिसली. डोक्यावर पदर, हातात काही नाही, नुसती उभी. तिला मोटारीची बातमी कुठून लागली देव जाणे. मी झटकन तळहात कचकड्यावर टेकवला. तिने पाहिला. तिचाही हात वर आला. तेवढ्यात मोटार मोरीवरून खाडकन उडाली आणि पुढे गेली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. त्या वाईट नव्हत्या. मामंजी पुढे बसले होते, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता माझं भागलं. मला आणखी काही नको होतं.

पण ते कचकडं उन्हाला टिकेना.

मोटार ठेवायला परसात छप्पर होतं, पण त्यात कडबा भरलेला. म्हणून मोटार अंगणात दक्षिणेला तोंड करून दिवसभर उन्हात. इंदापूरचं ऊन कसलं असतं ते सांगायला नको. मी ह्यांच्यामार्फत मामंजींना सुचवलं की मोटार लिंबाखाली लावावी. उत्तर आलं, लिंबावर कावळे बसतात, टप घाण होतो. बरं, निदान पडद्यांवर गोणपाट टाकावं. उत्तर आलं, मोटार झाकून ठेवली तर लोकांना दिसणार कशी? पुढे मी बोलणं सोडलं. आमच्या घरात सुनेचं म्हणणं तीन माणसांतून फिरून जायचं आणि पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असायचा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला खिडकीला तुपासारखी पिवळी झाक आली. वैशाखात ती चहासारखी झाली. कापराचा वास केव्हाच उडाला होता. मग टाक्यांच्या भोकांपासून बारीक तडे निघाले, आणि एक दिवस गड्याने पडदा घडी करायला घेतला तर खिडकीचा कोपरा पापडासारखा मोडून त्याच्या हातात आला. मला मोरीवर आता आई न दिसता एक पिवळा डाग दिसायचा. डागाचा हात वर जायचा, म्हणून ती आई. मी आपली तळहात टेकवायची. आपल्याला ती एवढी तरी दिसते, मग तिलाही आपला हात एवढा तरी दिसत असणार, असं मी धरून चालले होते.

पावसाळ्यानंतर मामंजींनी बारामतीच्या जीनगराकडून नवं कचकडं शिवून घेतलं. हा जीनगर घोड्यांची खोगिरं शिवायचा, मोटारी आल्यावर टप आणि पडदे शिवायला लागला. नवी खिडकी लख्ख होती. पुढच्या बाजाराला आई मला अगदी स्वच्छ दिसली. तिच्या लुगड्याचा काठ ओळखू आला, ती वाळली होती तेही कळलं. कळल्यावर जिवाला घोर लागला, तरी दिसली हे बरं वाटलं.

आत्याबाईंनी मोडका जुना तुकडा चुलीत टाकला. तो असा भपकन पेटला की त्या दोन पावलं मागे सरल्या आणि लुगड्याचा पदर झटकायला लागल्या. मग जरा शांत झाल्यावर त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला, आणि त्यांच्या डोक्यात विचार शिरला की तो बाहेर काढणं कुणाच्या हातचं नसे.

"आगं, हे सगळं कापराचं हाय," त्या म्हणाल्या. "नवं व्हतं तवा वास व्हता. वास गेला आन ते मोडलं. म्हंजी कापूर उडाला की ते मरतंय. आपुन त्याला कापूर द्यायचा."

माझा नातू आता रंगांच्या कारखान्यात आहे. त्याने मला सांगितलं की पणजी निम्मी बरोबर होती. कचकडं मऊ राहावं म्हणून त्यात कापूर घातलेला असतोच, तो उडाला की ते कडक होतं. हे ऐकून मला काय वाटावं? त्यांचं निम्मं बरोबर होतं ह्याचं कौतुक मी करत बसू? राहिलेल्या निम्म्याने माझं वाटोळं केलं.

कारण आत्याबाईंनी कापूर खोबरेल तेलात विरघळवला आणि फडक्याने नव्या खिडक्यांना चोळला. दर बाजाराच्या आदल्या दिवशी चोळायच्या, देवाच्या मूर्तीला लावावं तशा मन लावून. मी म्हणाले, "आत्याबाई, रस्त्याला धूळ हाय, तेलाला चिकटंल."

"चिकटू दे की. पुसायला हात हायेत न्हवं?"

धूळ चिकटली. गड्याने ती कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली. खिडकीभर ओरखडे उठले, आणि त्या ओरखड्यांवर वरून ऊन. पहिल्या खिडकीने एक उन्हाळा तरी काढला, ही शिमग्यालाच आंधळी झाली. आत्याबाई म्हणाल्या, कापूर भेसळीचा निघाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी भाकरी थापत राहिले. थापताना आवाज जास्त झाला असेल.

त्याच दिवसांत मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. आमच्या माजघराच्या मागच्या खिडकीत दोन कंगवे पडलेले असायचे. दोन्ही कचकड्याचे, एकाच बाजारात एकाच दुकानातून घेतलेले. एक मधासारखा, आरपार दिसणारा. तो माझा, मी हौसेने घेतलेला. दुसरा काळा कुळकुळीत, आत्याबाईंचा. दोघांना सारखंच ऊन लागत होतं. माझ्या कंगव्याचे दात एकेक करून केसांत मोडून राहायला लागले, पाठीला तडे गेले, हात लावला की चुरा निघायचा. आत्याबाईंचा काळा कंगवा मात्र घेतला होता तसाच. चकाकी थोडी गेली, बाकी दात न् दात शाबूत.

कचकड्यात रंग भरला की ते उन्हाला टिकतं. ज्यातून आरपार दिसतं ते मरतं, ज्यातून काहीच दिसत नाही ते जगतं. नातवाने पुढे तेही समजावलं. ऊन आत शिरलं की आतला सांधा न् सांधा तोडतं, रंग असला की तो वरच्या वर ऊन अडवतो. समजावताना तो फार खुशीत होता. मी म्हटलं, बाबा, हे मला कंगव्याने शिकवलंय.

मी तो काळा कंगवा उचलला आणि फडताळात आत ठेवला. माझा मोडका चुलीत घातला. हे दोन कंगवे शेजारी शेजारी आमच्या घरातल्या कुणी पाहिले असते, तर मोटारीलाही रंगीत कचकडंच आलं असतं, हे मला आधीच दिसत होतं.

पण दैव पुण्याच्या बाजारात बसलेलं. खिडक्या पुन्हा गेल्या म्हणून मामंजींनी ह्यांना पुण्याहून चांगलं कचकडं आणायला सांगितलं. हे मुकाट ऐकणारे. दुकानदाराने ह्यांना विचारलं, उन्हात लावायचंय? मग पांढरं काचेसारखं नेऊ नका, रंगीत न्या, वर्षानुवर्षं हलणार नाही. ह्यांनी आणलं. गुळाच्या ढेपेच्या रंगाचं, जाड, गुळगुळीत. दिव्याकडे धरलं तरी पलीकडची ज्योत दिसेना.

घरात सगळ्यांना ते आवडलं. मामंजींनी बोटाने वाजवून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, गोषालाही हेच बरं, बाहेरच्याला आतलं काही दिसायचं नाही. हे माझ्याकडे पाहत होते, शाबासकीची वाट बघत. आयुष्यात मी त्या माणसावर इतकी कधीच चिडले नाही.

मी बोललेच. मामंजी ओसरीवर गेल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, ह्यातनं काय बी दिसत न्हाय."

त्यांनी खरंच आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "दिसायचं कशाला गं? आपुन काय बघाया चाललोय व्हय? बसायचं, उतरायचं."

"खिडकी हाय ना ती?"

"खिडकी हाय म्हनूनच तर लावली. न्हाय तर भोक ऱ्हाईल."

मी रात्री ह्यांना म्हटलं, तुमच्या आईला माहीत आहे मी काय बघते ते, तुम्हालाही माहीत आहे. हे मामंजींना आबा म्हणत; म्हणाले, "टिकावू घ्या म्हनून आबांनीच सांगितलं." आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कुणीतरी सांगितलेलं असायचं.

जीनगराने गुळाच्या रंगाच्या खिडक्या शिवल्या आणि त्या दिवसापासून मी बारामतीला डोळे असून आंधळ्यासारखी जायला लागले. आत तांबूस काळोख. उकाडा. आत्याबाई डुलक्या घ्यायच्या. मी रस्ता अंगाने ओळखायला शिकले. इंदापूर सोडल्यावरचा खडीचा तुकडा, निमगावचा चढ, मग बराच वेळ सपाट, मग उसाचा आणि ओल्या मातीचा वास, आणि मग मोरीचा तो दणका. दणका आला की मी तळहात त्या जाड कचकड्यावर ठेवायची. बोटांनी दोनदा वाजवायची. इंजिनाच्या घरघरीत मलाच ते ऐकू यायचं नाही. तरी वाजवायची. पडद्याच्या कडेच्या फटीतून बोट बाहेर काढायचा प्रयत्न केला एकदा, तर बटण तुटलं आणि मामंजींनी मोटार थांबवून गड्याला शिव्या दिल्या.

आई उभी असेल की नसेल, मला कळायला मार्ग नव्हता. असेल असं धरून मी हात ठेवत होते. ज्या बाजाराला आम्ही बायका जात नसू, मोटारीत मामंजी एकटेच असत, त्या दिवशी ती उगीच उभी राहत असेल, ह्याचा विचार मी करायची नाही. केला की स्वयंपाकात मीठ चुकायचं.

ऊन आलं, गेलं. पाऊस आला, गेला. टपाचं कापड विटलं, बटणं गंजली, टाके उसवले. त्या खिडक्यांना काही झालं नाही. मी त्यांच्याकडे पाहायची ती तडा शोधायला. कितीतरी वेळा नखाने कोपरा दाबून पाहिला. वाकायचा आणि परत जागेवर यायचा.

शेवटी माहेर उघडलं, तेही फेट्यानेच. माझ्या भावाला मुलगा झाला. दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी मध्ये पडून ठरवलं की बारशाला सगळ्यांच्या आधी मामंजींना फेटा बांधायचा. बांधला. मामंजी आरशात पाहून आले आणि म्हणाले, झालं गेलं ते गेलं. इतकी वर्षं जे अडलं होतं ते फेट्याच्या चार वेढ्यांत सुटलं. मला रडू आलं, ते आनंदाचंच होतं असं नाही.

बायका आत गेल्या. आईने सगळ्यांना कुंकू लावलं, मलाही लावलं. पण ती माझ्याशी बोलेना. हात हातात घेतला आणि सोडला. पाव्हण्यांची विचारपूस करावी तशी विचारपूस केली. मी तिच्यामागे परसात गेले. पाणी तापवायच्या चुलीशी ती बसली होती. मी म्हटलं, "आई, काय झालं? माजं काय चुकलं?"

ती निखारे सारत राहिली. मग म्हणाली, "तुजं काय चुकंल? बापाचं चुकलं फेट्याचं, त्याचा राग तू माज्यावर काढलास. काढ. सासरची झालीस, बरंच झालं."

"मी कधी राग काढला?"

"पयल्यांदा हात केलास. मी दर बाजारी यायची मग. उन्हाळा लागला आन तुजा हात दिसायचा बंद झाला. नुसतं पिवळं चकाकायचं. म्हटलं, रुसली पोरगी. मग दिवाळीच्या टायमाला मधी चार दिस बरी व्हतीस, दिसलीस, हात केलास. शिमग्याला पुन्ना रुसलीस. मंग तर तू खिडकीला काय तरी लावूनच घेतलंस."

मी तिथेच खाली बसले. माझी सगळी वर्षं तिने त्या कचकड्यावरून वाचली होती. ते लख्ख होतं तेव्हा मी बरी, ते पिवळं पडलं की मी रुसलेली, आणि रंगीत आलं तेव्हा मी कायमची तोडलेली. मला आतून पिवळा का होईना डाग दिसत होता. तिला बाहेरून, भर उन्हात, काहीच दिसलं नव्हतं. आणि तरी ती येत होती.

"अगं आई, मी दर डावाला हात करत व्हते. आतनं."

तिला ते पटलं नाही. सासरची पोर आईचं मन राखायला बोलते तसं तिला वाटलं असावं. तिने मान हलवली आणि चुलीत लाकूड सारलं. माझा संताप संताप झाला. तिच्यावर नाही. मी तिला हात धरून उठवलं आणि मळ्याच्या वाटेवर चिंचेखाली मोटार उभी होती तिथे ओढत नेलं. पुरुष सगळे मांडवात होते. मी तिला मागच्या बाकावर बसवलं, तिच्या अंगावरून हात घालून पडद्याची बटणं एकेक लावली आणि बाहेर येऊन खिडकीसमोर उभी राहिले. पदर सावरून, मोरीवर ती उभी राहायची तशी.

"बघ," मी म्हटलं. "आता मी कुठं हाय?"

मी वाट पाहिली. माझ्यासमोर ते गुळाच्या रंगाचं कचकडं होतं, त्यात माझंच तोंड दिसत होतं, आणि मागची चिंच.

"हात वर केलायस का गं?" आईने आतून विचारलं.

"केलाय."

"दिसंना."

मग आतून बोटांचा आवाज आला. दोनदा वाजवलं तिने, जिथे मी वाजवायची त्याच जागी. आणि पुन्हा दोनदा. तिचा हात त्या बाजूला होता, माझा ह्या बाजूला, मध्ये ते टिकाऊ कचकडं, आणि ती आत रडते आहे हे मला पडदा हलायला लागल्यावर कळलं.

मी बटणं सोडायला लागले. ती गंजलेली होती, आणि लवकर निघेनात.